दुखायच्या आधीचे सहा आठवडे

पत्र असं आहे:

«नमस्कार ताई. माझं वय 43, राहते सानपाड्याला, ऑफिस ऐरोलीला. दहावीपर्यंत भरतनाट्यम शिकले, मग अभ्यासापायी सुटलं. गेल्या वर्षी जूनमध्ये वाशीत मोठ्यांसाठीच्या बॅलेच्या बॅचला नाव घातलं. मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी सव्वा तास. इतका आनंद मला कित्येक वर्षांत कशात मिळाला नव्हता. जुलैच्या पहिल्या पावसात स्टुडिओचं लाकडी फ्लोअर फुगलं म्हणून क्लास तात्पुरता एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये भरतो. डिसेंबरच्या शेवटी आमचा शो आहे, त्याच्या जादा तालमी जुलैच्या मध्यापासून शनिवार-रविवारी असतात. मी मागे पडू नये म्हणून ऑगस्टपासून घरीही ओट्याला धरून रोज पन्नास रिलेव्हे (टाचा उचलून चवड्यांवर जाणं) करते. गणपतीत डावी टाच मागून दुखायला लागली. मोदक वळायला तीन तास उभी होते, त्याचं असेल असं वाटलं, पण महिना झाला तरी जात नाही. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा पावलं लंगडत टाकते. क्लासमध्ये अंग तापलं की बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड ठीक आहे म्हणाले, “या वयात उड्या कशाला, बंद करा.” आमच्या मॅम म्हणतात, शोनंतर जानेवारीपासून पॉइंट (बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचणं) सुरू करू. मी पॉइंट शूज ऑनलाइन मागवलेही आहेत. वजन कमी दिसावं म्हणून दोन महिने रात्रीचं जेवण सोडलंय. सोडून देऊ का बॅले? नाव छापू नका.»

प्रिय मैत्रीण,

सोडू नका. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं तुम्ही शांतपणे वाचणार नाही. पण उड्या आजपासून बंद, ओट्यापाशी रोज होणारे पन्नास रिलेव्हे आजपासून बंद, आणि पॉइंटचा विषय जानेवारीतही काढायचा नाही. रात्रीचं जेवण मात्र आज रात्रीपासूनच पुन्हा सुरू करा.

ठाण्यात नौपाड्याला मी गेली जवळजवळ तीस वर्षं फिजिओथेरपी करते. नाचणारं कोणी पाय दुखतोय म्हणून आलं की पायाला हात लावायच्या आधी मी त्यांना मोबाइलमधलं कॅलेंडर उघडायला सांगते. पहिला प्रश्न ठरलेला: दुखायला लागलं त्याच्या आधीच्या सहा आठवड्यांत काय बदललं? तुमच्या पत्रात त्याचं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय, फक्त मोदकांच्या मागे ते दडलंय.

हिशेब करू. जूनपर्यंत आठवड्याला दोन क्लास, म्हणजे 150 मिनिटं, लाकडी फ्लोअरवर. जुलैच्या मध्यापासून तेच दोन क्लास, शिवाय शनिवार-रविवारची तालीम. तालमी दीड-दीड तासाच्या धरल्या तर आठवड्याची 330 मिनिटं झाली. दुपटीहून जास्त. तीही क्लबहाउसमध्ये, आणि आपल्याकडच्या क्लबहाउसमध्ये काय असतं ते आपल्याला माहीत आहे: काँक्रीटवर चिकटवलेली चकचकीत टाइल. त्यात ऑगस्टपासून आठवड्याला साडेतीनशे रिलेव्हे आणखी, एकही दिवस सुट्टी न देता. गणपतीत टाच दुखली नसती तर दसऱ्याला दुखली असती. वयाचा यात वाटा आहे, त्याच्याकडे येते. पण वीस वर्षांच्या मुलीलाही एवढी चढण एवढ्या कमी दिवसांत चढायला लावली, तर तिचीही टाच बोलली असती.

टाचेच्या मागे जी जाड दोरीसारखी शीर हाताला लागते, तिला डॉक्टर ॲकिलिस टेंडन म्हणतात, मराठीत कंडरा. ती शीर पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी बांधते. स्नायूत रक्त भरपूर, त्यामुळे तो सहा-आठ आठवड्यांत तगडा होतो आणि आपल्याला वाटतं, चला, जमायला लागलं. कंडरेत रक्त थोडं, तिला त्याच कामाला कित्येक महिने लागतात. नेमक्या याच फटीत मोठेपणी नाच सुरू केलेली माणसं सापडतात. शिवाय चांगला भार पडल्यानंतर पहिला दीडेक दिवस कंडरेत झीज जास्त आणि भर कमी असते. भर त्यानंतर घातली जाते. म्हणजे मंगळवारनंतर गुरुवार हे बरोबर होतं. शनिवारनंतर लगेच रविवार आणि मध्येमध्ये रोज ओटा, यात भर घालायला तिला वेळच मिळाला नाही.

आता खरंच ही कंडराच आहे ना, ते आधी पाहून घ्या. खुर्चीत बसा, डावा पाय उजव्या मांडीवर घ्या आणि टाचेच्या हाडापासून वर दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात ती दोरी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. तिथेच कळ आली, एखादा भाग जाड लागला, तर तुमच्या लक्षणांवरून माझा जो अंदाज आहे तोच बरोबर. सकाळची ती लंगडती दहा पावलं आणि तापल्यावर बरं, उद्या जास्त, ही कंडरेच्या दुखण्याची ओळखीची चाल आहे. पण दुखणं आतल्या घोट्याच्या मागे असेल आणि पायाचा अंगठा वर-खाली केल्यावर तिथे ओढ किंवा खटका जाणवत असेल, तर ती अंगठा वाकवणारी शीर. बॅले करणाऱ्यांत ती इतकी दुखावते की तिला नर्तकांची शीर म्हणायची पद्धत आहे. आणि पाऊल पूर्ण खाली ताणल्यावरच टाचेच्या मागे खोल काहीतरी चिमटल्यासारखं होत असेल, तर घोट्याच्या मागच्या हाडाची अडचण असू शकते. या तिन्हींचे उपाय वेगळे. म्हणून एकदा कोणा फिजिओला प्रत्यक्ष दाखवा. आपण नाचतो आणि नाचत राहायचंय, हे पहिल्या वाक्यात सांगा.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला ते योग्य केलं. “बंद करा” म्हणाले त्याला मात्र माझा आक्षेप आहे. पूर्ण विश्रांतीने दुखणं शांत होतं, कंडरा बलवान होत नाही. तीन महिने बसून राहिलात की ती आणखी अशक्त होईल, मग पुन्हा क्लासला गेलात की पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. तिला भार हवाच आहे, मोजून दिलेला.

तो असा द्या. पहिले दोन आठवडे ओट्याला धरा, दोन्ही पायांवर अर्ध्या उंचीपर्यंत टाचा उचला आणि तिथेच 45 सेकंद थांबा. टाचा खाली, दोन मिनिटं विसावा. असं पाच वेळा, दिवसातून एकदा. यात हालचाल नसते म्हणून दुखऱ्या कंडरेला ते सोसतं, बऱ्याच जणींना त्याने तात्पुरता आरामही पडतो. तिसऱ्या आठवड्यापासून हळू चढ-उतार: तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, पंधराचे तीन फेर, एक दिवसाआड. आधी दोन पायांवर. ते सहज झालं की वर दोन पायांनी जा, खाली एका पायाने या, नंतर सगळंच एका पायावर. तेही सोपं वाटलं की पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये तांदळाची पाच किलोची पिशवी. पोटरीत आणखी एक खोलवरचा स्नायू आहे, गुडघा वाकलेला असताना मुख्य काम त्याच्यावर येतं आणि बॅलेत तर गुडघा प्लिएमध्ये सतत वाकलेला. त्याच्यासाठी खुर्चीत बसून तीच पिशवी गुडघ्यावर ठेवा आणि टाच उचला. दुखणं टाचेच्या हाडाला अगदी चिकटून असेल तर पायरीच्या काठावरून टाच खाली सोडू नका, सपाट जमिनीवरच करा. हा कार्यक्रम बारा आठवड्यांचा आहे. चौथ्या आठवड्यात कंटाळा येतो आणि सहाव्यात बरं वाटायला लागतं. सोडून देणारे बहुतेक या दोन ठिकाणी सोडतात.

किती दुखलं तर चालेल? शून्य ते दहाच्या मापात तीनपर्यंत चालेल. मात्र खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. ती लंगडती पावलं दहाची सात झाली तर कालचं काम बरोबर होतं. दहाची वीस झाली तर काल जास्त झालं, आज कमी करा. पलंगाशेजारी कॅलेंडर टांगा आणि रोज सकाळी पावलांचा आकडा लिहा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हेच करायला लावते, आणि सहा आठवड्यांनी त्या पानाकडे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते औषधाच्या गोळीने येत नाही.

घरात अनवाणी फरशीवर वावरू नका. पावलाखाली पूर्ण सपाट असलं की ही कंडरा सतत ताणली जाते. दीड-दोन सेंटिमीटर टाच असलेली मऊ सपाता घरात घाला आणि ऑफिसलाही तशीच चप्पल किंवा बूट. कोल्हापुरी काही आठवडे कपाटात ठेवा.

एक प्रश्न कदाचित डॉक्टरांनी विचारला नसेल. या दोन-तीन महिन्यांत लघवीच्या किंवा पोटाच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन यांतली एखादी गोळी घेतली होती का? या गटातल्या अँटिबायोटिकने कंडरा दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचा धोका वाढतो. 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी या औषधांवर तसा ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे पावसाळ्यात या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात. घेतली असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि पुढच्या वेळी आपल्या टाचेचं दुखणं सांगून दुसरं औषध मिळेल का ते विचारा. आणि कोणी “एक इंजेक्शन मारू, शोपर्यंत काम होईल” म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. कंडरेतच स्टेरॉइड दिलं तर दुखणं दबतं आणि कंडरा तुटायची भीती वाढते.

आता फरशी. यावर मी जरा जास्त बोलेन, कारण याची किंमत मी स्वतः मोजली आहे. मी 36 वर्षांची असताना एका कार्यक्रमासाठी महिनाभर कथकची तालीम एका हॉलमध्ये केली. खाली कोटा, वर पातळ सतरंजी. तत्कार करताना उजव्या नडगीवर एका बोटाएवढ्या जागेत दुखायला लागलं. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून मी आणखी पाच आठवडे नाचत राहिले. मी, जी लोकांना रोज सांगत होते की दुखण्याकडे दुर्लक्ष करू नका. शेवटी एमआरआयमध्ये हाडाला गेलेली बारीक चीर दिसली. कार्यक्रम गेलाच, पुढचे तीन महिनेही गेले. थकव्याने पडलेली चीर एक्स-रेमध्ये पहिले दोन-तीन आठवडे दिसत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पायातून कळायला तो हॉल लागला.

बॅलेसाठी जे फ्लोअर करतात त्याच्या खाली लाकडी पट्ट्यांचा किंवा रबराच्या ठोकळ्यांचा सांगाडा असतो. तुम्ही उतरता तेव्हा तो दबतो आणि थोडा मार स्वतः घेतो. वरचं काळं-राखाडी विनाइल फक्त घसरू नये म्हणून. त्यामुळे “आम्ही टाइलवर विनाइल अंथरलंय” हे उड्यांना उत्तर नाही. मुलांच्या खोलीत टाकतात ते कोड्यासारखे जोडायचे फोमचे चौकोनही नकोत. त्यात पाऊल रुततं आणि वळताना अंग फिरतं, पाय तिथेच राहतो, मग गुडघा किंवा घोटा जातो. धावताना या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण मोजला गेला आहे. एका क्लासच्या शेवटी तुम्ही साठ-सत्तर सोते, म्हणजे जागच्या जागी उड्या, मारत असाल तर टाइलवर त्या प्रत्येकीचा धक्का पायालाच पचवावा लागतो. म्हणून क्लबहाउसमध्ये असेपर्यंत बॅचमधल्या कोणीच उड्या मारू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, फक्त तुम्हीच नव्हे. बार (कठडा धरून करायचे व्यायाम) करा, तांद्यू (पाऊल जमिनीवरून घासत बाहेर नेणं) करा, हातांची कामं, चालणं, संथ अदाज्यो करा. सव्वा तास कमी पडेल इतकं त्यात आहे. पावसाळी दमट हवेत टाइल आणि विनाइल दोन्हींवर ओल सुटते, तेव्हा क्लासआधी कोरड्या फडक्याने फ्लोअर पुसायची पाळी लावून घ्या.

दुसरी जागा, जिथे मोठ्या वयाची माणसं आपले पाय बिघडवतात, ती म्हणजे टर्नआउट, पाय बाहेरच्या बाजूला वळवणं. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण मी विचारणारच. फोन जमिनीजवळ पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवा, पाठ त्याच्याकडे करा, फिफ्थमध्ये (बॅलेची पाचवी स्थिती, एका पावलापुढे दुसरं) उभ्या राहा, प्लिए करा (गुडघे वाकवा) आणि मग व्हिडिओ बघा. वरून आरशात पाय सुरेख वळलेले दिसतात. मागून बऱ्याचदा वेगळंच दिसतं: आतल्या घोट्याचं हाड फरशीकडे झुकलेलं, पावलाची कमान चेपलेली, करंगळीखालचा भाग जमिनीवरून सुटलेला, आणि टाचेची शीर सरळ उभी असायची ती धनुष्यासारखी आत वाकलेली. त्या वाकलेल्या शिरेवर तुम्ही पन्नास रिलेव्हे करत होतात असं निघालं तर मला नवल वाटणार नाही.

पाय बाहेर वळतात ते खुब्यातून. खुब्याचं हाड जन्मजात ज्या कोनात आहे आणि वाढीच्या वयात जसं घडलं, तसंच ते आता राहणार. 43 व्या वर्षी स्ट्रेचिंगने हाडाचा कोन बदलत नाही. बहुतेक मोठ्या माणसांत एकेका खुब्यातून 40-50 अंश मिळतात. दोन्ही पाय मिळून सरळ 180 अंशांची रेघ करायची तर उरलेलं कुठून आणणार? गुडघा पिळून आणि पाऊल चेपून. तुमचा स्वतःचा खरा आकडा काढायचा असेल तर पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून उभ्या राहा. बार हलकेच धरा, पावलांचे पुढचे भाग उचला आणि टाचांवर उभं राहून मांड्या खुब्यातून बाहेर वळवा. मग पावलं खाली ठेवा. जिथे आली ते तुमचं फर्स्ट, म्हणजे टाचा जुळवून उभं राहायची पहिली स्थिती. कदाचित आरशातल्यापेक्षा बरंच अरुंद असेल. तिथूनच काम करा. तुमच्याकडे भरतनाट्यमची शिदोरी आहे. अरमंडीत (अर्ध्या बैठकीत) बसताना गुरूंनी “गुडघे मागे, गुडघे बाहेर” असं शंभरदा बजावलं असेल. प्लिएचं गणित तेच, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत. मॅम हाताने पाऊल आणखी वळवून देत असतील तर त्यांना थांबवा. पाऊल बाहेरून वळवलं तर खुबा वळत नाही, गुडघा वळतो.

भरतनाट्यममुळे एक चकवाही होतो. ताल, हात, लक्षात राहणं, सगळं तुम्हाला भराभर येतं, म्हणून शिकवणारे तुम्हाला पुढच्या ओळीत घेतात. पण तट्टडवूत (पाय आपटायच्या पाठात) अख्खा तळवा जमिनीवर पडतो, अरमंडीत टाचा टेकलेल्या असतात. चवड्यांवर उडून टाच आपटायचे अडवूही आहेत, पण तिथे टाच फार वर जात नाही. बॅलेत पोटरीला तळापासून टोकापर्यंत सगळी हद्द वापरावी लागते, वरच्या टोकाला थांबावंही लागतं. ते तुमच्या पायाने गेल्या जूनपासूनच शिकायला सुरुवात केलीय. डोकं लहानपणीच नाचायला शिकलेलं आहे, पोटरी सव्वा वर्षाची आहे.

ऐरोलीहून सुटून वाशीला उतरून तुम्ही क्लास गाठता तेव्हा बार सुरू झालेला असतो, असं मी गृहीत धरते. संध्याकाळची ट्रान्स-हार्बर पकडून दुसरं काय होणार. तरी दहा मिनिटं आधी पोचायचा एखादा मार्ग काढा, एक गाडी आधीची धरा. त्या दहा मिनिटांत जागच्या जागी झपझप चालणं, पाय पुढे-मागे झुलवणं, खुबे फिरवणं, सावकाश टाचा वर-खाली, एवढंच, कपाळावर घाम दिसेपर्यंत. गार अंगाने जमिनीवर बसून पाय फाकवून ताणत राहू नका. लांबवर धरून ठेवलेले ताण क्लासनंतर, अंग गरम असताना. टाचेचं दुखणं आहे तोवर पोटरी ताणायची हौस त्याही वेळी नको.

आणि जेवण. चहा-बिस्किटावर क्लासला जाऊन, घरी येऊन न जेवता झोपणं, हे मला तुमच्या टाचेइतकंच काळजीचं वाटतं. कंडरा आणि हाडं रात्री दुरुस्त होतात, आणि त्यांच्यापुढे तुम्ही रिकामं ताट ठेवताय. खर्च जास्त आणि खाणं कमी असं सतत चाललं की शरीर आधी पाळीवर आणि मग हाडांवर काटकसर करतं. ऑलिंपिक समितीच्या वैद्यकीय तज्ज्ञांनी 2014 पासून याला स्वतंत्र नाव देऊन खेळाडूंना सावध केलंय. तुम्ही खेळाडू नसाल, पण शरीराला तो फरक कळत नाही. तुमची पाळी लांबायला लागली आहे का? चाळिशीत हा बदल आपसूकही सुरू होतो, इस्ट्रोजेन उतरतं, त्याचा परिणाम हाडांवर आणि कंडरेवरही होतो. वयाचा वाटा म्हटलं तो हा. म्हणून डी जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर एवढं एकदा तपासून घ्या, आणि पाळीबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. चार वाजता ऑफिसात पोळी-भाजीचा रोल किंवा केळं आणि शेंगदाण्याची चिक्की. घरी आल्यावर वरण-भात-तूप आणि उसळ, नाहीतर अंडी, नाहीतर पिठलं आणि नाचणीची भाकरी. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं आणि तुम्हाला दिवसाला 1000 लागतं, म्हणून वर दही. लिओटार्डमध्ये (अंगाला घट्ट बसणाऱ्या नाचाच्या पोशाखात) पोट सपाट दिसावं हा विचार आरशापुढे येतो, मला तो समजतो. पण ज्या पायांवर उभं राहून तो आरसा बघायचा, ते आधी.

पॉइंटबद्दल तुमचं मन मोडतेय याची मला कल्पना आहे. लहान मुलींसाठीही नाचाच्या वैद्यकातले जाणकार म्हणतात की किमान बारा वर्षं वय आणि नेमाने शिकण्याचं चौथं वर्ष असल्याशिवाय पॉइंट नको. त्यात वय ही एकच अट नाही, पायाची आणि पाठीची ताकद ही खरी अट आहे. तुमचं वय पुरेसं आहे, शिक्षण सव्वा वर्षाचं, आणि एक टाच आजारी. माझ्याकडे कोणी पॉइंटसाठी विचारायला आलं तर मी एका पायावर, गुडघा ताठ ठेवून, पूर्ण उंचीचे वीस-पंचवीस संथ रिलेव्हे मागते, घोटा बाहेर न कलता, दोन्ही पायांवर सारखे. तुमच्या डाव्या पायाला आज पाचही जमू नयेत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने पॅरिसमध्ये नृत्याची अकादमी काढली 1661 मध्ये. मारी तालिओनी या नर्तिकेने पायाच्या टोकावरचं नाचणं गाजवलं 1832 च्या सुमाराला, तेही मऊ साटिनच्या, टोकाशी दोऱ्याने भरलेल्या चपलांवर. मधली जवळजवळ पावणेदोनशे वर्षं बॅले बहुतांशी चवड्यांवरच नाचलं गेलं, आणि त्याला कोणी अर्धवट म्हटलं नाही.

मॅमशी बोलायचं तुम्हाला अवघड वाटेल, म्हणून शब्द देते. क्लास सुरू होण्याआधी, बाजूला घेऊन: “मॅम, माझी टाचेची शीर दुखावली आहे. बारा आठवडे मी उड्या मारणार नाही आणि एका पायावरचे रिलेव्हे करणार नाही. बाकी सगळं करेन. शोमध्ये मला उड्या नसलेली जागा द्याल का?” आज सप्टेंबरचा शेवट, शो डिसेंबरच्या शेवटी, मध्ये तेरा आठवडे. हिशेब जुळतो. तुम्ही रंगमंचावर असाल, मऊ चपलांमध्ये, चालण्याच्या आणि हातांच्या कामात, आणि भरतनाट्यमचे हात ज्यांनी शिकलेत त्यांनी तिथे उभं राहिलेलं वेगळंच दिसतं. तालमीही शनिवारी किंवा रविवारी, दोन्ही दिवस नकोत. यावर मॅम रागावल्या, “थोडं सहन करावंच लागतं” म्हणाल्या, तर क्लास बदलायचा विचार करा. चांगल्या शिक्षकाला हे ऐकून विद्यार्थिनीबद्दल विश्वास वाटतो.

काही गोष्टींना मात्र थांबू नका. टाचेत “टक्” असा आवाज आला, मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. पोटरी एकाएकी सुजली, गरम आणि लाल झाली, तरीही त्याच दिवशी. पाय मुरगळला आणि चार पावलंही टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडावर अथवा करंगळीच्या बाजूच्या हाडावर दाबून दुखलं, तर एक्स-रे. आणि नडगीवर किंवा पावलावर बोटाएवढ्या जागेत रात्री ठणकत असेल, तर एक्स-रे स्वच्छ आला म्हणून नाचत राहू नका. मी राहिले होते.

पॉइंट शूज आलेच तर डबा उघडा, बघा, हात फिरवा, पायात घालू नका. रिबिनी शिवू नका, तळवा वाकवून मोडू नका, कारण शिवलेला-मोडलेला जोड दुकानदार परत घेत नाहीत. चपलेच्या नंबरावर पॉइंट शूज मागवायचे नसतातच. बोटांची लांबी, पावलाची रुंदी, कमानीचा कोन हे प्रत्यक्ष पाहून, उभं करून बसवावे लागतात. बिल जपून ठेवलंय ना? परत करायची मुदत बघा, आणि आजच कुरियरवाल्याला बोलवा.